गवताचा खर्च कुणी द्यायचा? न्यूयॉर्कच्या बागेतल्या खुल्या नाट्यगृहाची गोष्ट



'सार्वजनिक मालमत्ता' हा घटक शिकवताना आपण काय सांगतो? बागेतली फुलं तोडू नका, एसटीची सीट फाडू नका, भिंतीवर लिहू नका. सगळं 'नका नका'च. पण सार्वजनिक जागा नेमकी कशासाठी असते, तिथं काय करता येतं, हे सांगायचं राहूनच जातं. त्यासाठी मला एक छान उदाहरण मिळालं. ते आहे अमेरिकेतलं, पण चौथी-पाचवीच्या मुलांनाही सहज कळेल असं आहे.

आधी शब्द समजून घेऊ. अँफिथिएटर हा मूळ ग्रीक शब्द. त्यातल्या 'अँफी'चा अर्थ चहूबाजूंनी. म्हणजे खरं तर रोमच्या कलोसियमसारखी पूर्ण गोल वास्तू. आज मात्र मोकळ्या आकाशाखाली अर्धगोल पायऱ्या आणि समोर रंगमंच असला, तरी आपण त्याला सर्रास अँफिथिएटर म्हणतो. पायऱ्या का? मागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही म्हणून. मुलांना शाळेच्या पायऱ्यांवर बसवून दाखवा, लगेच कळतं.

आता गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या काठी ईस्ट रिव्हर पार्क आहे. तिथे 1941 साली असं एक अँफिथिएटर बांधलं गेलं. त्या वेळी शहराच्या उद्यान विभागाचे आयुक्त होते रॉबर्ट मोझेस. 1934 पासून ते या पदावर होते. पूल, रस्ते, पोहण्याचे तलाव, मुलांसाठी शेकडो मैदानं त्यांनी उभी केली. माणूस कर्तबगार, पण 'मी म्हणेन तेच' असा. हे नाव लक्षात ठेवा.

1956 च्या उन्हाळ्यात जोसेफ पॅप नावाच्या तरुण दिग्दर्शकाने याच जागी शेक्सपिअरची नाटकं केली. तिकीट? शून्य! पॅप ब्रुकलिनमधल्या गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबातले. वडील ट्रंका बनवायचे. घरात नाटकाची चैन परवडणारी नव्हती, शेक्सपिअर भेटला तो सरकारी शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात. (शिक्षक म्हणून हे वाचताना जरा छाती फुगते, खोटं कशाला बोलू?) त्यामुळे त्यांचं म्हणणं साधं होतं: वाचनालयात पुस्तक फुकट मिळतं, तसं नाटकही मिळायला हवं. ज्यांनी आयुष्यात नाटक पाहिलं नव्हतं अशी आजूबाजूच्या वस्तीतली माणसं त्या पायऱ्यांवर येऊन बसली.

पुढच्या वर्षी पॅपनी ट्रकवर रंगमंच बांधला आणि वस्त्यावस्त्यांतून फिरवला. शेवटी तो सेंट्रल पार्कमध्ये, बेल्व्हेडेअर किल्ल्याजवळच्या तळ्याकाठी मुक्कामाला आला. ट्रक तिथे बंद पडला आणि मंडळी तिथेच राहिली, अशी आख्यायिका आहे.

खरी लढाई झाली 1959 मध्ये. मोझेस म्हणाले, प्रेक्षक गवत तुडवतात, जमिनीची धूप होते, त्याचा खर्च कोण देणार? तिकीट लावा, एक-दोन डॉलर घ्या आणि त्यातला वाटा उद्यान विभागाला द्या. पॅप म्हणाले, एक डॉलरही नाही. एक डॉलर म्हणजे फार नव्हे, असं आपल्याला वाटेल. पण पाच माणसांचं कुटुंब धरा, म्हणजे कळेल की दारातूनच कोण परत गेलं असतं. वादाला राजकीय रंगही होता. आदल्याच वर्षी पॅपना कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं होतं, आणि त्यापायी दूरचित्रवाणीवरची नोकरी गेली होती. ती लवादाकडे जाऊन त्यांनी परत मिळवली. असा माणूस आयुक्तांना घाबरतोय होय?

प्रकरण न्यायालयात गेलं. खालच्या न्यायालयात पॅप हरले. अपिलात जिंकले. तिकिटाची सक्ती मनमानी आहे, असं न्यायाधीशांनी ठरवलं. गंमत बघा, मोझेसनी मग पुढे न लढता गवत वगैरे कामांसाठी 20,000 डॉलर मागितले. ते देणगीदारांनी भरले आणि नाटक झालं. पुढे याच जागी कायमचं नाट्यगृह बांधायला शहराकडून पैसे मिळावेत म्हणून मोझेसनीच मदत केली!

इथे थांबून वर्गात दोन गट पाडा. एक मोझेसचा, एक पॅपचा. मोझेसच्या गटाला कमी लेखू नका हं. गवत खरंच खराब होतं, आणि ते पुन्हा लावायला पैसे खरंच लागतात. प्रश्न एवढाच की ते पैसे त्या दिवशी आलेल्या माणसाकडून घ्यायचे, की सगळ्या गावाने मिळून द्यायचे. 'कर म्हणजे काय' हे समजावायला याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

जून 1962 मध्ये तळ्याकाठचं डेलाकोर्ट थिएटर सुरू झालं. मोठी देणगी देणारे प्रकाशक जॉर्ज डेलाकोर्ट यांचं नाव त्याला दिलंय. पहिलं नाटक 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'. अर्धगोलात सुमारे 1,800 खुर्च्या, डोक्यावर आकाश. मधूनच विमान जातं, रॅकून नावाचे मांजराएवढे प्राणी रंगमंचावर येतात, जोराचा पाऊस आला तर खेळ थांबतो. तिकीट लागतं, पण पैसे लागत नाहीत. लोक सकाळपासून बागेत चादरी अंथरून, डबे घेऊन रांगेत बसतात. पॅप 1991 मध्ये गेले, रांग चालूच राहिली. मोठ्या दुरुस्तीनंतर ऑगस्ट 2025 मध्ये 'ट्वेल्फ्थ नाइट'ने ते पुन्हा उघडलं. बाहेरच्या भिंतींना शहरातल्या गच्च्यांवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचं लाकूड वापरलंय. टाकाऊतून टिकाऊ!

आणि नदीकाठचं ते पहिलं अँफिथिएटर? 1970 च्या दशकात शहराकडे पैसे नव्हते, तेव्हा ते बंद पडलं, मोडतोड झाली. 2001 नंतर डागडुजी झाली. पण 2012 च्या सँडी वादळात नदीचं पाणी वस्तीत शिरलं, म्हणून पूर अडवण्यासाठी सगळं पार्कच उंच करायचं ठरलं. झाडं तोडायला बऱ्याच रहिवाशांचा विरोध होता, तरी 2021 च्या अखेरीस काम सुरू झालं आणि ते जुनं अँफिथिएटर पाडलं गेलं. नव्या आराखड्यात त्याच्या जागी नवीन अँफिथिएटर आहे.