जे, के, अर्धविराम: प्रिंटर अक्षर कसं निवडतो

रायपुरातल्या टायपिंगच्या दुकानांत 'कृतिदेव' हा हिंदी फॉन्ट अजूनही भेटतो. त्यात 'रायपुर' टाईप करा आणि ती फाईल कृतिदेव नसलेल्या संगणकावरून छापा. कागदावर शहराचं नाव असं उमटतं: इंग्रजी जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे. कृतिदेवात 'र' हा जेच्या घरात राहतो, काना केच्या, 'य' अर्धविरामाच्या. फॉन्ट हरवला की मूळ घरमालक परततात.

बोल लागतो प्रिंटरला. पण त्याला अक्षर वाचता येतच नाही. एचपीच्या पीसीएल या आज्ञाभाषेत त्याची निवड स्वच्छ दिसते. संगणक हव्या त्या फॉन्टचं वर्णन पाठवतो आणि प्रिंटर आपल्याजवळचे फॉन्ट चाळत जातो. आधी चिन्हसंच, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणतं चिन्ह. मग अक्षरांची रुंदी एकसारखी की कमीजास्त. एकसारखी असेल तर इंचात किती अक्षरं. मग उंची, सरळ की तिरपं, ठळकपणा. कुरिअर की टाइम्स, हा प्रश्न या सगळ्यांच्या मागून येतो. एचपीचा पहिला लेसरजेट प्रिंटर आला १९८४ साली. तेव्हा फॉन्ट ठरावीक मापांचेच असत. मागितलेल्या मापात टाइम्स नसला, तर माप जुळणारा भलताच फॉन्ट पुढे होई. १९९०च्या लेसरजेट थ्रीत हवं ते माप काढता येणारे फॉन्ट आले, तेव्हा ही ओढाताण सुटली. अ‍ॅपलच्या १९८५च्या लेसररायटर प्रिंटरची पोस्टस्क्रिप्ट भाषा मात्र फॉन्टला नावानं हाक मारते. त्या नावाचं कुणी सापडलं नाही, तर सहसा कुरिअर हजर होतो.

लेसररायटरमध्ये १३ फॉन्ट होते. देवनागरी एकही नव्हता. आपली अक्षरं प्रिंटरकडे बाहेरूनच जात: फॉन्ट म्हणून किंवा चित्र म्हणून. म्हणून पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट आणि मॉड्युलरची श्रीलिपी या भारतीय लिपींसाठीच्या प्रणालींचं मोल मला फार वाटतं. अक्षर जुळवण्याचं खरं काम संगणकातच करून घ्यावं लागणार होतं.

मराठीची कसोटी याहून बारीक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक एका अर्ध्या र-चा. युनिकोडमध्ये 'ऱ'ला स्वतःचा क्रमांक आहे, पण त्याचा अर्धा आकार फॉन्टमध्ये आखलेला असावा लागतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' तर अनेक फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी नोंदवली, तरच येतात. प्रिंटरकडे पोहोचेपर्यंत हा निवाडा झालेला असतो.

१९०० साली माधवराव सप्र्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं, तेव्हा खिळे जुळवणारा प्रत्येक 'ल' हातानं उचलत होता. रायपुरात पत्रिका छापायला देताना मी आता फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ नेतो, भाषा मराठी नोंदवतो आणि पहिल्या प्रतीत आधी 'ल' शोधतो.