हलक्या नौकेचे जड अर्थकारण

सर विल्यम पेटी हे नाव अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना 'राजकीय अंकगणिता'चा प्रवर्तक म्हणून परिचित असते. राष्ट्राची संपत्ती, लोकसंख्या व करभार यांचा विचार आकड्यांच्या साहाय्याने व्हावा, असा आग्रह सतराव्या शतकात ज्यांनी धरला त्यांत त्याचे स्थान अग्रभागी आहे. याच पेटीने १६६२ पासून एकामागून एक जुळ्या नौका बांधविल्या, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. दोन अरुंद नौका समांतर ठेवून वरून जोडल्या, तर तोल राखण्यासाठी तळाशी भार भरावा लागणार नाही आणि बेताच्या वाऱ्यावरही शीड वेगाने ओढील, असा त्याचा कयास होता. त्याच्या दुसऱ्या नौकेने आयर्लंड व इंग्लंड यांच्यामधील समुद्रात टपालनौकेला पैजेत हरविले. तिसरी नौका वादळात खलाशांसह बुडाली. पुढे वीस वर्षांनी, १६८४ मध्ये, त्याने पुन्हा एक प्रयत्न केला, तोही फसला. जुळ्या नौकेच्या सांध्यांवर येणारा ताण सोसेल असे हलके आणि बळकट साहित्य युरोपातील त्या काळच्या नौकाबांधणीपाशी नव्हते.

ते साहित्य आज उपलब्ध आहे. काचेचे वा कार्बनचे तंतू राळेत बसवून तयार होणारे संमिश्र साहित्य, ज्याला व्यवहारात 'फायबर' म्हटले जाते, लोखंडाहून कितीतरी हलके असते आणि गंजत नाही. त्याच्या जोडीला विजेची मोटर, लिथियमची बॅटरी आणि सौर पॅनेल आले. त्यामुळे शीड, सूर्य व वीज यांवर चालणारी, डिझेलचा थेंबही न जाळणारी जुळी नौका ही आता कल्पना राहिलेली नाही. कार्बनतंतूंपासून बांधलेली, ३१ मीटर लांबीची 'प्लॅनेटसोलर' ही कॅटामरान २७ सप्टेंबर २०१० रोजी मोनॅकोहून निघाली आणि केवळ सौरऊर्जेवर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून ४ मे २०१२ रोजी तेथेच परतली. तंत्राची परीक्षा अशा रीतीने झालेली आहे. आता प्रश्न उरतो तो पेटीच्या दुसऱ्या विद्येचा, म्हणजे अंकगणिताचा.

वजनाचे गणित

'कॅटामरान' हा शब्द मूळचा तमिळ. 'कट्टू' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. चोळमंडलाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बांधीव ओंडक्यांच्या तराफ्याचे हे नाव युरोपीय प्रवाशांनी उचलले आणि पुढे ते पॅसिफिक महासागरातील जुळ्या नौकांना चिकटले. कोकणातील उलांडीची होडी, एका बाजूस तरंगता ओंडका बांधलेली, हीदेखील त्याच विचाराची भावंड होय. तोल वजनाने राखावयाचा नाही, रुंदीने राखावयाचा, हे या सर्वांमागील सूत्र आहे. एकाच अंगाच्या शिडाच्या नौकेत पुष्कळदा एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके शिसे केवळ तोलासाठी तळाशी बसविलेले असते. जुळ्या नौकेला त्याची गरज नाही. तिची दोन्ही अंगे अरुंद असल्यामुळे लाटा उठविण्यात वाया जाणारी शक्तीही कमी लागते.

विजेवर चालणाऱ्या नौकेला हा गुण जीवनावश्यक आहे. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. इंजिन तिच्यापैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पंख्यापर्यंत पोहोचविते, असे धरले तरी किलोमागे चार युनिट हाती लागतात. बॅटरीत, तिच्या सर्व जोडणीसह, किलोमागे एक दशांश युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा मावते. म्हणजे तितक्याच कामासाठी बॅटरीचे वजन डिझेलच्या सुमारे तीसपट होते. शिवाय डिझेल जळत जाते तशी नौका हलकी होत जाते, रिकामी झालेली बॅटरी मात्र भरलेल्या बॅटरीइतकीच जड राहते. म्हणून नौकेच्या अंगातून वाचविलेला प्रत्येक किलो येथे दोनदा उपयोगी पडतो. नौका हलकी झाली की शक्ती कमी लागते, शक्ती कमी लागली की बॅटरी लहान चालते, आणि बॅटरी लहान झाली की नौका आणखी हलकी होते. वेगाचेही असेच आहे. ढोबळ मानाने लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला, तर तीच शक्ती आठव्या हिश्श्यावर येते.

शिडाचे स्थान येथे स्पष्ट होते. वारा असेल तेव्हा मोटर बंद ठेवता येते. इतकेच नव्हे, तर शिडाने चाललेल्या नौकेचा पंखा पाण्याच्या प्रवाहाने फिरून उलट बॅटरी भरू शकतो. अर्थात ही वीज फुकटची नसते, नौकेच्या वेगातून तिची किंमत वळती होते. परंतु वारा भरपूर असताना थोडा वेग देऊन वीज घेणे हा सौदा किफायतशीर ठरतो.

वैक्कमचा धडा

पाश्चात्त्य देशांत या तंत्राचा मोठा ग्राहक धनिक आहे. विजेवर व शिडावर चालणाऱ्या आलिशान कॅटामरान तेथे सुटीतील विहारासाठी बांधल्या जातात. केरळने हेच तंत्र निराळ्या वर्गाच्या सेवेला लावले. वेंबनाड सरोवराच्या एका काठावरील वैक्कम आणि दुसऱ्या काठावरील तवणक्कडवू यांच्या दरम्यान जानेवारी २०१७ मध्ये 'आदित्य' ही सौर नौका सुरू झाली. २० मीटर लांब, ७ मीटर रुंद, फायबरच्या जुळ्या अंगांची ही नौका ७५ उतारू नेते. छपरावर २० किलोवॅटची पॅनेले, आत सुमारे ५० युनिट वीज साठविणारी बॅटरी. नौका सामान्य आकाराची, प्रवास काही मिनिटांचा, उतारू रोजच्या कामावर जाणारे. सूर्यप्रकाशाचे उत्पन्न छपराच्या क्षेत्रफळापलीकडे वाढविता येत नाही. त्या मर्यादेत तेवढे उतारू न्यावयाचे, तर हलक्या जुळ्या अंगांवाचून गत्यंतर नव्हते.

पुढे कोची शहरात २५ एप्रिल २०२३ रोजी 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. तिच्या १०० उतारूंच्या विजेवरील नौकाही जुळ्या अंगांच्याच आहेत. अंग मात्र ॲल्युमिनियमचे. साहित्य वेगळे असले तरी वजनाचा हिशेब तोच. येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब आहे ती भांडवलाच्या उगमाची. 'आदित्य'मागे राज्य शासनाचे जलवाहतूक खाते होते. वॉटर मेट्रोमागे शासनाबरोबरच जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज होते. हा योगायोग नव्हे.

व्याजाच्या दराची सत्ता

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहता येईल. समजा, एक डिझेलची नौका एक कोटी रुपयांस मिळते आणि वर्षाला वीस लाखांचे डिझेल जाळते. तेवढ्याच उतारूंची हलकी विजेची नौका दोन कोटींस पडते, विजेचा वार्षिक खर्च तीन लाख, आणि दर आठ वर्षांनी तीस लाखांची नवी बॅटरी लागते. नौकेचे आयुष्य वीस वर्षे. म्हणजे आज एक कोटी अधिक गुंतवून पुढे दरसाल सतरा लाख वाचवावयाचे आहेत. व्याजाचा दर सहा टक्के असेल, तर बॅटरीबदलाचा खर्च वजा जाता या बचतीचे आजचे मूल्य सुमारे १ कोटी ६४ लाख होते. व्यवहार उघडच लाभाचा आहे. व्याजाचा दर चौदा टक्के असेल, तर तेच मूल्य ९८ लाखांवर येते आणि व्यवहार तोट्यात जातो. नौका तीच, वारा आणि सूर्य तेच. बदलला तो केवळ ऋणकोचा दर्जा.

डिझेलची नौका म्हणजे स्वस्त यंत्र व महाग इंधन. विजेची नौका म्हणजे पुढील वीस वर्षांचे इंधन आजच रोख मोजून घेणे. ज्याला पैसा स्वस्तात मिळतो त्यालाच अशी आगाऊ खरेदी परवडते. म्हणून शासन, महामंडळ व धनिक यांच्या दृष्टीने जी नौका स्वस्त, तीच तरीवाल्यांच्या सहकारी संस्थेला आणि किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या मच्छीमाराला महाग ठरते. त्याचे अज्ञान वा जुन्याचा हट्ट यांस कारण समजणे अन्यायाचे होईल. चौदा टक्क्यांनी, आणि सावकाराकडून त्याहून कितीतरी अधिक दराने, पैसा उचलणाऱ्या माणसाने डिझेलचे इंजिन निवडावे, हे त्याच्यापुरते शुद्ध अंकगणित आहे. शासकीय खरेदीत सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारण्याचा प्रघातही, नौकेच्या आयुष्यभराचा खर्च मोजला न गेल्यास, हाच परिणाम घडवितो.

टिकाऊपणाची दुसरी बाजू

तथापि या नौकांना सरसकट 'पर्यावरणस्नेही' म्हणून मोकळे होणेही योग्य नाही. हायड्रोजन व सौरऊर्जेवर चालणारी 'एनर्जी ऑब्झर्व्हर' ही फ्रान्सची प्रसिद्ध प्रयोगनौका मुळात १९८३ मध्ये शर्यतीसाठी बांधलेली कॅटामरान होती. संमिश्र साहित्य चाळीस वर्षे टिकते, याचा तो उत्तम दाखला. पण जे इतके टिकते ते नको झाल्यावर जाते कोठे? नेहमीच्या वापरातील राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. लोखंडाची नौका भंगारात विकता येते, लाकडाची कुजते. फायबरची नौका किनाऱ्यावर पडून राहते. फ्रान्समध्ये २०१९ पासून नव्या विहारनौकेच्या विक्रीवर वर्गणी आकारून जुन्या नौका मोडीत काढण्याचा खर्च त्यातून भागविला जातो. पुन्हा वितळविता येणाऱ्या राळा आणि काचेऐवजी जवसाच्या झाडाचे तंतू यांचेही प्रयोग युरोपात चालू आहेत. दोन पातळ थरांच्या मध्ये घालावयाचे हलके बाल्सा लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरमधून येते आणि पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी २०१९-२० मध्ये त्याची मागणी उसळली तेव्हा तेथील जंगलांवर कुऱ्हाड चालली, हाही अनुभव ताजा आहे. उघड्या साच्यात हाताने राळ लावणारा कामगार तिची वाफ श्वासावाटे घेतो. साचा झाकून, आतील हवा शोषून राळ भरण्याच्या पद्धतीत हा धोका पुष्कळ कमी होतो, नौकाही हलकी उतरते. पण तिला सामग्री आणि शिक्षण लागते. जो खर्च किमतीत दिसत नाही तो कोणाच्या तरी फुप्फुसांवर किंवा कोणाच्या तरी किनाऱ्यावर पडतो.

कोकणचे वारे

महाराष्ट्राला या साऱ्याचे प्रयोजन काय? मांडव्याला जाणारा मुंबईकर 'कॅटामरान' हा शब्द तिकिटाच्या खिडकीवरच शिकलेला आहे, मात्र ती कॅटामरान डिझेलची. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या या उतारूनौका पावसाळ्यात बंद राहतात. महाग भांडवलाची नौका चार महिने बांधून ठेवावयाची म्हणजे व्याज चढत राहणार आणि उत्पन्न थांबणार. तेव्हा आरंभ उघड्या समुद्रावर न करता खाड्यांत करणे शहाणपणाचे. बाणकोट, दाभोळ, जयगड येथील आतले पाणी वेंबनाडच्या जवळचे आहे आणि तरीची फेरी तेवढीच आखूड.

शिडाच्या नौकेचे क्षेत्र निराळे. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हे वेळापत्रक या किनाऱ्यावरील दर्यावर्दींनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले. इंजिन आले आणि ते मोडले. लांब पल्ल्याच्या ट्रॉलरला बॅटरी पुरणार नाही, हे मान्यच करावयास हवे. पण सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्या लहान होडीला शीड, मोटर आणि हलके जुळे अंग यांचा मेळ मानवण्यासारखा आहे. कौशल्याचीही वाण नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, लाकडी गाभ्यावर काचतंतू व राळ चढवून बांधली गेली. ती एका अंगाची होती. परंतु जे हात असे काम करू शकतात त्यांना जुळे अंग अवघड नाही.

अडते ते भांडवलापाशी. मच्छीमार सहकारी संस्थांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरील राज्याच्या कराचा परतावा देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. परतावा मच्छीमाराच्या हक्काचा आहे आणि तो काढून घेण्याचे कारण नाही. मात्र जो सभासद स्वेच्छेने डिझेल सोडील, त्याला तीच रक्कम नव्या नौकेच्या कर्जावरील व्याजात वळती करून मिळावी. तरीच्या ठेक्यांत आणि शासकीय खरेदीत नौकेची किंमत वीस वर्षांच्या खर्चासह मोजली जावी. नव्या फायबर नौकेच्या किमतीतच ती मोडीत काढण्याची अनामत घेतली जावी. या तीन गोष्टींसाठी नव्या शोधाची गरज नाही.

पेटीपाशी कल्पना होती, साहित्य नव्हते. आज केरळने साहित्य आणि कल्पना यांची सांगड घालून दाखविली आहे. दाभोळच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या तरीवाल्याला तिचा लाभ मिळावयाचा की नाही, हे त्याच्या कर्जावरील व्याजाचा दर ठरविणार आहे. तो दर वाऱ्यासारखा निसर्गाच्या हाती नाही. तो माणसांनी ठरविलेला असतो आणि माणसांना बदलता येतो.