बागाईतदारांचे चव-परीक्षण मंडळ

खाण्याच्या द्राक्षाची प्रत बागाईतदारास स्वतःच्या जिभेने कळते. बागेत फेरी मारताना दोन मणी तोंडात टाकले की गोडी भरली किंवा नाही, हे तो तत्काळ सांगू शकतो. वाइनच्या द्राक्षांची गोष्ट निराळी आहे. माल वाइनरीत पोहोचतो, काट्यावर वजन होते, ब्रिक्स मीटरने साखर पाहिली जाते आणि तेथेच बागाईतदाराचा त्या मालाशी संबंध संपतो. त्यापासून काय तयार झाले, हे त्याने पुष्कळदा चाखलेलेही नसते. ‘माल हिरवट होता’ असे खरेदीदाराने म्हटल्यास ते मान्य करण्यावाचून त्यास गत्यंतर उरत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले आणि अनेकांनी वाइनच्या जातींची लागवड केली. पुढे २००८-०९ च्या सुमारास मागणी घटली, तेव्हा कित्येकांच्या मालास गिऱ्हाईक उरले नाही व त्यांनी वेली उपटून टाकल्या. ती मंदी केवळ चवीमुळे आली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मंदीत खरेदीदार माल पारखून घेतो, आणि आपल्या मालातील दोष ज्यास ओळखता येत नाही त्याची बाजू प्रथम लंगडी पडते.

याकरिता एकाच वाइनरीस माल देणाऱ्या पाचसहा मित्रांनी मिळून चव-परीक्षणाचे लहानसे मंडळ काढणे फार उपयोगाचे ठरते. एकाच वाइनरीचे असण्यास कारण आहे. शेजारच्या बागांची द्राक्षे बहुधा एकाच टाकीत पडतात. तेव्हा बाटलीतील गुणदोष हे त्या सर्वांचे सामाईक असतात.

पहिल्या बैठकीत वाइन नसली तरी चालेल, किंबहुना नसावीच. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम साखर, दुसऱ्या लिटरमध्ये १ ग्रॅम सायट्रिक आम्ल व तिसऱ्या भांड्यात गार केलेला कडक कोरा चहा घ्यावा. गोड, आंबट व तुरट या तीन चवी अशा वेगवेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. हिरडा चघळलेल्या माणसास तांबड्या वाइनचा तुरटपणा समजावून सांगावा लागत नाही! वासांसाठी ढोबळी मिरची, पेरू, काळी मिरी, लवंग व शिर्का झाकणाच्या बाटल्यांत ठेवून डोळे मिटून ओळखावे.

दुसऱ्या बैठकीस तीनचार बाटल्या पुरे होतात. प्रत्येकास सुमारे ५० मिलिलिटर दिल्यास ७५० मिलिलिटरची बाटली पंधरा पेल्यांस पुरते. बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर केवळ क्रमांक घालावेत, कारण लेबल दिसले की जीभ त्याचेच ऐकते. वेळ सकाळी अकराची, उजेड भरपूर, आणि जवळपास उदबत्ती, तंबाखू वा फोडणीचा वास नसावा. पांढरी वाइन ८ ते १० अंश व तांबडी १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानास द्यावी. आपल्याकडील मार्च महिन्यात तांबडीही थोडा वेळ शीतकपाटात ठेवणे भाग आहे. घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकावा. यात असभ्य काही नाही. धंद्यातील परीक्षक असेच करतात, आणि मोटारसायकलवरून घरी परतावयाचे असते.

प्रत्येकाने आधी आपल्या वहीत लिहावे, मगच बोलावे. मतभेद झाल्यास बहुमताने निकाल लावू नये. शिराझमधील काळ्या मिरीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ओळखले, आणि सुमारे पाचातील एका माणसास तो वास येतच नाही असे आढळले. कोणाचे नाक किती विश्वसनीय आहे हे पाहण्यास तीन पेल्यांची कसोटी चांगली: दोन पेल्यांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ती अनेकदा करावी.

मंडळाचे खरे काम यापुढे सुरू होते, ते म्हणजे पेल्यातील दोषाचा माग बागेत काढणे. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास भुरीसाठी मारलेले गंधक काढणीच्या फार जवळ पडले होते काय, हे फवारणीच्या नोंदीत पाहावे. मात्र रसात नत्र कमी असल्यासही आंबवणीत तोच वास उत्पन्न होतो. म्हणून सर्व दोष फवाऱ्याच्या माथी मारू नये. कॅबर्नेत ढोबळ्या मिरचीचा वास असेल, तर घड कच्चे तोडले गेले किंवा दाट पानोळ्यामुळे सावलीत वाढले असावेत. सोव्हिन्यो ब्लाँमधील पेरूसारखा सुवास मंद वाटल्यास उशिरा मारलेल्या ताम्रयुक्त औषधाचा संशय घ्यावा. शिर्क्याचा वास हा पुष्कळदा फुटलेल्या मण्यांचा व उन्हात ताटकळलेल्या ट्रॉलीचा असतो. पहाटे तोडणी करून उथळ क्रेटमधून माल लगेच पाठविणाऱ्यास हा दोष सहसा भोगावा लागत नाही. आणि चव सपक लागली, तर केवळ ब्रिक्स २२ ते २४ झाल्याचे समाधान मानू नये. ऊन तापू लागले की साखर भराभर चढते, आम्ल मात्र उतरते.

वाइन परवानाधारक दुकानातूनच आणावी व खर्च वाटून घ्यावा. पेल्यामागे पैसे घेणे म्हणजे विक्री होय, आणि तीस परवाना लागतो. बाळगण्याच्या व पिण्याच्या परवान्यांविषयी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी विचारणा करावी. एकवीस वर्षांखालील कोणासही घेऊ नये. जे मद्य घेत नाहीत त्यांना आग्रह करू नये. वास ओळखण्याच्या व नोंदी ठेवण्याच्या कामी त्यांचा उत्तम उपयोग होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या बैठकीचे साहित्य जमविण्यास साहाय्य करावे आणि वाइनरीच्या तज्ज्ञास एखाद्या बैठकीस बोलवावे. टाकीतील वाइन तेथेच जाऊन चाखू देण्याची विनंतीही मंडळाच्या नावे केल्यास अधिक वजनदार ठरते.

वहीच्या प्रत्येक पानावर चवीच्या नोंदीसमोर गट क्रमांक, गोडी छाटणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख व तोडणीची वेळ लिहिलेली असावी.