दोड्डेरीचे सेनापती संताजी घोरपडे

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात औरंगजेबाच्या फौजांना सर्वाधिक जेरीस आणले ते सेनापती संताजी घोरपडे यांच्या घोडदळाने. त्यांचे वडील म्हाळोजी १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले, त्या चकमकीत कामी आले. त्यांच्यानंतर राजाराम महाराज दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्यात गेल्यावर संताजी आणि धनाजी जाधव यांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या पाठबळावर विस्कटलेली फौज पुन्हा उभी केली. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ मोगल सरदार रुस्तुमखान कुटुंबासह त्यांच्या हाती लागला. पुढच्याच वर्षी संताजींना सेनापतिपद मिळाले. १६९२ च्या अखेरीस त्यांनी कावेरीपाकजवळ कांचीचा फौजदार अलीमर्दानखान याला पकडले, आणि जिंजीचा वेढा मोगलांना काही काळ उठवावा लागला.

त्यांचे खरे कसब दिसते ते नोव्हेंबर १६९५ मध्ये, चित्रदुर्गाजवळच्या दोड्डेरीला. मोगल सेनानी कासिमखानाने आपला पेशखाना, म्हणजे पुढच्या मुक्कामाचे तंबू, काही कोस पुढे पाठवला होता. संताजींनी फौजेच्या तीन तुकड्या केल्या. पहिलीने पेशखाना लुटला. तो वाचवायला खान धावला, तेव्हा दुसरीने त्याला वाटेतच गाठले. तिसरी मागे उरलेल्या छावणीवर तुटून पडली. कर्नाटकातले बंदूकधारी प्यादेही मराठ्यांच्या बाजूने होते. दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडलेल्या मोगलांचा दाणागोटा संपला. अफूची सवय असलेला कासिमखान तिथेच मेला. उरलेले सरदार वीस लाखांची खंडणी कबूल करून सुटले. मदतीला निघालेला हिंमतखान जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणला गोळी लागून पडला. दोन महिन्यांत दोन नामांकित मोगल सेनानी गमावण्याइतका जबर तडाखा औरंगजेबाला दक्षिणेत क्वचितच बसला असेल.

संताजींची शिस्त मात्र फार कडक होती आणि स्वभाव तापट. १६९६ मध्ये त्यांचे राजाराम महाराजांशी फाटले, सेनापतिपद गेले आणि धनाजींशी उघड लढाई झाली. तीत पाडाव झालेल्या, धनाजींच्या बाजूच्या अमृतराव निंबाळकरांना त्यांनी हत्तीच्या पायी दिले. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी माने यांच्या घरात दिलेली होती. पुढच्या वर्षी धनाजींनी संताजींचा पाठलाग केला, फौज त्यांना सोडून गेली, आणि जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरांत नागोजींनी त्या सुडापोटी त्यांना ठार केले. ते ओढ्यावर स्नान करीत असताना हा घाला पडला, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. त्यांचे शिर औरंगजेबाकडे पोचवले गेले. मोगलांना जे रणात साधले नाही, ते मराठ्यांच्या आपसातल्या वैराने साधले. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, १६९८ च्या प्रारंभी, जिंजी पडली.