उताऱ्यात बोट ठेवून दाखवा : इंग्रजी वाचन-आकलनाचा सराव

आजचा आपला विषय आहे इंग्रजी उताऱ्यांचं आकलन आणि त्याचा सराव. उदाहरण म्हणून आपण आयईएलटीएस ही परीक्षा घेऊ, आपल्या बोलण्यातली 'आयल्ट्स'. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ मुलामुलींना ती द्यावी लागते. पण आज जे बोलणार आहोत ते इंग्रजी आकलनाच्या इतर परीक्षांनाही बऱ्याच अंशी लागू पडतं.

आधी परीक्षेचं स्वरूप समजून घेऊ. अ‍ॅकॅडेमिक प्रकारात वाचनाचे ३ उतारे असतात, त्यांवर ४० प्रश्न, आणि वेळ ६० मिनिटं. तिन्ही उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द होतात. उत्तरं उतरवून घ्यायला वेगळा वेळ मिळत नाही. एका बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर गुण कापले जात नाहीत. साधारणपणे २३ उत्तरं बरोबर आली तर ६ बँड मिळतो, ३० आली तर ७. म्हणजे सहा आणि सात यांच्यात अंतर किती? फक्त सात प्रश्नांचं! आणि अनेक विद्यापीठांची प्रवेशाची अट नेमकी याच सहा-सातच्या मध्ये कुठेतरी असते. हे सात प्रश्न नाहीत आले तर फी पुन्हा भरा, तारीख पुन्हा घ्या, आणि प्रवेशाचं वर्षही हातचं जाऊ शकतं. म्हणून हे सात प्रश्न कुठे जातात ते आज बघायचं आहे.

बहुतेकांना वाटतं, ते शब्द न आल्यामुळे जातात. काही जातात, नाही असं नाही. पण पुष्कळसे आपल्या शाळेतल्या एका सवयीमुळे जातात. शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न आपण कसे सोडवायचो आठवा. प्रश्नात 'फार्मर' शब्द आहे ना, मग उताऱ्यात 'फार्मर' कुठे आहे ते शोधायचं, ते अख्खं वाक्य उचलायचं आणि उत्तरपत्रिकेत ठेवायचं. अर्थ कळला नाही तरी गुण मिळायचे! शब्दाला शब्द जुळवणं ही आपली वर्षानुवर्षांची तालीम आहे.

आयईएलटीएस काढणाऱ्यांना ही युक्ती पक्की ठाऊक आहे. म्हणून ते दोन गोष्टी करतात. खरं उत्तर असतं तिथे शब्द बदलून टाकतात, आणि उत्तर नसतं तिथे प्रश्नातलेच शब्द दिसू देतात. शब्द शोधत जाणारा नेमका चुकीच्या ओळीवर जाऊन थांबतो.

हे आपण एका मराठी उताऱ्यावर करून बघू. मुद्दाम मराठी घेतोय, म्हणजे 'माझं इंग्रजी कच्चं आहे' ही सबब उरणार नाही.

उतारा असा : '१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे प्रवासी गाडी निघाली. गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे बसले होते. तीन इंजिनांनी ही गाडी ओढली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते.'

आता यावर चार विधानं. प्रत्येकाला ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन यांपैकी एक उत्तर द्यायचं.

पहिलं : 'गाडी ओढण्यासाठी एकापेक्षा जास्त इंजिने वापरली गेली.' उताऱ्यात 'एकापेक्षा जास्त' हे शब्द नाहीत, पण 'तीन' आहे. अर्थ तोच. ट्रू.

दुसरं : 'गाडी बोरीबंदरहून सकाळी सुटली.' उतारा म्हणतो दुपारी. फॉल्स.

तिसरं : 'गाडीत फक्त ४०० पाहुण्यांचीच सोय होती.' आता बघा, '४००' आहे, 'पाहुणे' आहे, 'गाडी' आहे. सगळे शब्द जुळले, आणि इथेच हात ट्रूकडे जातो. पण गाडीत किती जण बसले हे उताऱ्यात आहे, किती बसू शकत होते हे नाही. नॉट गिव्हन.

चौथं : 'इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी होती.' इतिहासाची आवड असलेला विद्यार्थी लगेच ट्रू लिहितो, कारण ही माहिती खरीच आहे. पण उताऱ्यात आहे का? नाही. नॉट गिव्हन. वाचलेलं, ऐकलेलं, शिकलेलं सगळं इथे दाराबाहेर ठेवायचं. परीक्षा तुमचं ज्ञान तपासत नाही. समोरच्या कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, एवढंच ती विचारते. ज्याला विषय चांगला माहीत असतो तो इथे जास्त घसरतो.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांच्यात गोंधळ होतो, त्यासाठी एक साधी कसोटी लक्षात ठेवा. उताऱ्यातलं वाक्य आणि प्रश्नातलं विधान, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? असूच शकत नसेल, तर फॉल्स. असू शकतं, पण उतारा त्याची खात्री देत नाही, तर नॉट गिव्हन. गाडी दुपारी निघाली आणि तीच गाडी सकाळी निघाली, हे दोन्ही खरं असणं शक्य नाही. ४०० जण बसले आणि ५०० जणांची सोय होती, हे मात्र दोन्ही खरं असू शकतं.

आता इंग्रजीकडे येऊ. इथे मराठी माणसाला अडवणाऱ्या काही खास जागा आहेत. पहिली, छोटे शब्द. 'अ फ्यू' म्हणजे थोडे, पण आहेत. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. एका 'अ'ने अर्थाची दिशा बदलते. 'हार्डली'चा 'हार्ड'शी संबंध लावू नका, त्याचा अर्थ 'क्वचितच, जेमतेम'. 'मे' आणि 'माइट' म्हणजे शक्यता, खात्री नव्हे. उताऱ्यात 'मे' असेल आणि विधानात ठामपणे 'होतेच' म्हटलं असेल, तर सावध व्हा.

दुसरी जागा नकाराची. आपण मराठीत म्हणतो, 'सगळी मुलं आली नाहीत.' याचा अर्थ काय? एकही आलं नाही, की काही आली आणि काही नाही आली? बोलण्याच्या ओघात आपण समजून घेतो. इंग्रजीत 'नॉट ऑल' म्हटलं की सगळी नव्हे, काहीच आली. एकही नाही म्हणायचं तर 'नन'. मनातल्या मनात मराठी करत वाचलं की हा फरक हातातून निसटतो.

तिसरी जागा वाक्याच्या रचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्यानंतर येतं, पण कर्त्याला 'हू', 'विच', 'दॅट' लावून मध्ये अशी लांब शेपटी जोडलेली असते की क्रियापद गाठेपर्यंत कर्ता विसरायला होतो. लांब वाक्य आलं की आधी दोनच गोष्टी शोधा : कोण, आणि काय केलं. बाकीचं नंतर जोडा.

आता मुख्य गोष्ट, सराव कसा करायचा. बहुतेक जण दिवसाला एक पूर्ण पेपर सोडवतात, उत्तरं ताडून बघतात, '२४ आले' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नवा पेपर घेतात. महिन्याभराने बघावं तर २४ चे २५ झालेले असतात! यात मापन झालं, सराव झाला नाही. रोज वजनकाट्यावर उभं राहिल्याने वजन कमी होत नाही. केंब्रिजच्या सरावपुस्तकांत ४ पेपर असतात, म्हणजे एका पुस्तकात वाचनाचे १२ उतारे. जपून वापरले तर ते पुष्कळ आहेत, घाईने संपवले तर तीन पुस्तकंही पुरणार नाहीत.

आमचं सांगणं असं, की एका उताऱ्याला तीन बैठका द्या.

पहिली बैठक घड्याळ लावून, २० मिनिटांची. वेळ संपली की दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि उरलेलं पूर्ण करा. म्हणजे वेळेमुळे किती गेलं आणि न कळल्यामुळे किती गेलं, हे वेगळं दिसेल. पण उत्तरं अजून ताडायची नाहीत.

दुसरी बैठक घड्याळाशिवाय. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली ओळ अधोरेखित करा आणि तिथे प्रश्नाचा क्रमांक लिहा. ओळीवर बोट ठेवून 'हे इथे लिहिलंय' असं म्हणता येत नसेल, तर ते उत्तर बरोबर आलं तरी अंदाज समजा. इथे एक सोय आहे. ट्रू-फॉल्सचे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, त्यामुळे पाचव्या आणि सातव्याच्या ओळी सापडल्या की सहाव्याची जागा त्यांच्या मध्येच असणार. 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' या प्रकाराला मात्र असा क्रम नसतो, तिथे सगळा उतारा नजरेत ठेवावा लागतो.

तिसरी बैठक चुकांची. आता उत्तरं ताडा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : शब्द अडला, वाक्य उलगडलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की बाहेरचं ज्ञान आत आलं? 'दोनच शब्द लिहा' म्हटलं असताना तीन लिहिले, स्पेलिंग चुकलं, असे गुणही इथेच सापडतील. दहा उताऱ्यांनंतर ही यादी वाचा. कोणतं कारण पुन्हा पुन्हा येतंय ते आपोआप दिसेल, आणि मग त्यावरच काम करायचं.

याच बैठकीत एक वही ठेवा, जोड्यांची. डावीकडे प्रश्नातला शब्द, उजवीकडे उताऱ्यातला. प्रश्नात 'शॉर्टेज', उताऱ्यात 'नॉट इनफ'. प्रश्नात 'डिक्लाइन', उताऱ्यात 'फॉल'. प्रश्नात 'अ‍ॅन्युअल', उताऱ्यात 'एव्हरी इयर'. शब्दकोश पाठ करण्यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते, कारण परीक्षेचं सगळं कसब या जोड्यांतच आहे.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो : आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा? आपण असं करू. दोनतीन मिनिटांत उताऱ्यावरून नजर फिरवायची, प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे तेवढंच टिपायचं. मग प्रश्न, मग उताऱ्यात परत. ज्यांना उलटं जमतं त्यांनी उलटं करावं. क्रम कोणताही ठेवा, उत्तर लिहिण्यापूर्वी त्या ओळीपर्यंत परत गेलंच पाहिजे. एका प्रश्नावर अडकलात तर सोडून पुढे चला. आणि शेवटी एकही जागा रिकामी ठेवू नका, कारण चुकीला दंड नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तुम्ही मराठीत बारीक वाचत असाल, बातमीत काय सांगितलंय आणि काय गाळलंय हे तुमच्या लक्षात येत असेल, तर आकलनाचं अर्धं काम तुमचं झालेलंच आहे. उरलेलं अर्धं इंग्रजीचं, ते सरावाने येतं. तेव्हा आज घरी गेल्यावर नवा पेपर काढू नका. मागच्या आठवड्यात सोडवलेला एक जुना उतारा काढा आणि प्रत्येक उत्तराची ओळ शोधा. किती उत्तरांवर बोट ठेवता येतं ते मोजा. तिथून सुरुवात करू.