चीज खाली, टोमॅटो वर

न्यू जर्सीतल्या मर्सर काउंटीत रॉबिन्सव्हिल हे छोटं गाव आहे. आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांना अक्षरधाम दाखवायला आपण नेतो, तेच हे गाव. याच गावात एकमेकांपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर दोन पिझ्झावाले आहेत आणि दोघांच्याही पाटीवर पिझ्झा हा शब्द नाही. एक पापाज टोमॅटो पाइज, दुसरं डी लोरेन्झोज टोमॅटो पाइज. पापाज १९१२ साली ट्रेंटन शहरात सुरू झालं. न्यूयॉर्कचं लोम्बार्डीज त्याहून जुनं, १९०५ चं, पण ते १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं बंद होतं. त्यामुळे एकाच कुटुंबाने अखंड चालवलेलं अमेरिकेतलं सर्वांत जुनं पिझ्झाचं दुकान आपलंच, असं पापाजवाले सांगतात. डी लोरेन्झोजचं ट्रेंटनच्या हडसन स्ट्रीटवरचं दुकान १९४७ चं. त्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, तरी दारात रांग असायची, ही आठवण या भागातली जुनी माणसं अजून सांगतात. त्यांनी रॉबिन्सव्हिलमध्ये २००७ ला जागा घेतली, हडसन स्ट्रीटचं दुकान २०१२ च्या जानेवारीत बंद झालं. पापाज २०१३ मध्ये मागोमाग आलं.

दोन्ही दुकानं मूळची ट्रेंटनच्या चेंबर्सबर्ग भागातली. इटलीहून आलेली माणसं तिथे राहायची आणि चिनीमातीच्या कारखान्यांत किंवा रोबलिंगांच्या तारांच्या कारखान्यात कामाला जायची. ब्रुकलिन पुलाचा आराखडा ज्यांनी केला, तेच हे रोबलिंग. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे दोरही त्यांच्याच कंपनीचे. कुटुंबाने १९५३ मध्ये कंपनी विकली, पुढे कारखाना बंद पडला. मुलं शिकली, हॅमिल्टन, रॉबिन्सव्हिल, विंडसर अशी उपनगरांत पांगली. सगळ्यात शेवटी दुकानं गिऱ्हाइकांच्या मागे निघाली. आज त्यांच्या शेजारी कोण राहतं? प्रिन्स्टन जंक्शनहून रोज न्यूयॉर्कची गाडी पकडणारी आपली माणसं. ईस्ट विंडसर, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. तरीही शुक्रवारी रात्री आपल्या घरी जो पिझ्झा येतो, तो बहुतेक वेळा साखळी दुकानाचा असतो किंवा पनीर घातलेला. माझी कळकळ नेमकी याचीच आहे. या भागाची स्वतःची म्हणावी अशी खाण्याची वस्तू इतक्या जवळ आहे आणि आपण तिच्यावरून गाडी पुढे नेतो.

टोमॅटो पायमध्ये थरांचा क्रम उलटा असतो. पसरलेल्या पिठावर आधी चीज आणि त्यावर टोमॅटो. टोमॅटोही शिजवून घोटलेला नसतो, सोललेले लांबट टोमॅटो नुसते कुस्करून घातलेले असतात. क्रम बदलल्याने फरक कसा पडतो, ते समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या पिझ्झात सॉस थेट कच्च्या पिठावर बसतो, त्याचं पाणी पिठात मुरतं आणि वरून चीजचं झाकण असल्यामुळे वाफेला वाट मिळत नाही. मधला भाग लिबलिबीत होतो तो त्यामुळे. टोमॅटो पायमध्ये चीजची चरबी पीठ आणि रस यांच्यामध्ये येते, पिठात पाणी शिरत नाही. टोमॅटो उघड्यावर असल्याने भट्टीच्या आचेत त्याचं पाणी उडून जातं, चव घट्ट होते, टोकं किंचित काळवंडतात. चीज खाली झाकलेलं असल्यामुळे त्याला तपकिरी फोड येत नाहीत, ते दुधाळ आणि मऊ राहतं.

डी लोरेन्झोजचा साधा पाय समोर आला की आधी वरून नीट बघावा. तांबडा थर सलग नसतो. मध्येमध्ये पांढऱ्या चीजची बेटं वर आलेली दिसतात, त्यांच्या कडेने तेलाची केशरी रेघ असते आणि टोमॅटोचे तुकडे तुकडेच राहिलेले असतात. कापही सारखे त्रिकोण नसतात, एखादा रुंद, एखादा निमुळता, एखाद्याला टोकच नाही. मग एक तुकडा उचलून उलटा करावा. भाकरी नीट भाजली की नाही ते आपण जसं पालथी करून बघतो, अगदी तसं. पिझ्झाचं सगळं खरं त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. इथे ती पाठ तांबूस असते, त्यावर काळे ठिपके असतात, आणि तुकडा एका हातात आडवा धरला तर टोक खाली लवत नाही. चावल्यावर आधी कडक आवाज येतो, मग आतला मऊ थर लागतो. कडेचा करपटपणा आणि टोमॅटोचा आंबटगोडपणा एकत्र जिभेवर आला की वर काही घालावंसं वाटत नाही.

पापाजचा पाय माझ्या जिभेला जास्त सौम्य लागतो. टोमॅटो अधिक एकजीव, पाठीवरचा काळेपणा कमी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना तो सोपा जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मात्र पापाजकडे एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मुद्दाम जावं. त्यांचा मस्टर्ड पाय. पिठावर आधी तिखट तपकिरी मोहरीचा पातळ हात फिरवायचा, त्यावर चीज, त्यावर टोमॅटो. ऐकायला विचित्र वाटतं, पण मोहरीचा झणका आपल्याला नवा थोडाच आहे! पहिल्या घासाला तो कळतही नाही, मागून नाकात चढतो आणि टोमॅटोचा गोडवा उठून येतो. आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी दुसरा तुकडा मागून घेतला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

दोघांत एकच निवडायचं तर साध्या पायसाठी मी डी लोरेन्झोज निवडेन, आणि तेही फक्त पाठीच्या भाजणीमुळे.

आता नेहमीचं कोपऱ्यावरचं दुकान. इथल्या प्रत्येक शॉपिंग प्लाझात ड्रायक्लीनर, न्हावी आणि बँक यांच्या ओळीत एक पिझ्झेरिया असतोच. आमच्या जवळच्या अशा एका दुकानात काउंटरला टेकून काम बघत उभं राहणं मला फार आवडतं. पिठाचे गोळे आदल्या दिवशीच करून ट्रेमध्ये थंडाव्यात ठेवलेले असतात. त्या गार मुक्कामात पिठातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते, चव येते आणि भट्टीत रंग चढतो. कारागीर गोळा सैल झालाय का ते बोटाने दाबून बघतो. खळगा सावकाश भरून आला तर गोळा तयार. चटकन वर आला तर पीठ अजून ताठ आहे, ओढलं की आकसणार. मग कोरड्या पिठात दोन्ही बाजू घोळवून तो बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जातो, कडेची अंगुळभर पट्टी मात्र शिवत नाही. त्या पट्टीत कोंडलेली हवाच पुढे फुगून कड होते. लाटणं कधीच वापरत नाही, कारण लाटण्याने ती हवा निघून जाते. पुढे दोन्ही मुठी खाली घालून तो पोळी फिरवत फिरवत मोठी करतो. हवेत उडवणं मी तिथे कधी पाहिलेलं नाही, आणि त्याची गरजही नसते.

लाकडी फळीवर पोळी, मधून बाहेर गोल फिरणारा सॉसचा डाव, मूठमूठ चीज, आणि फळीला एक हलका झटका, पोळी चिकटलेली नाही ना ते बघायला. भट्टी गॅसची, सपाट दगडी तळाची, साधारण २९० अंश सेल्सिअसची. तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते, म्हणून अर्ध्यात पिझ्झा फिरवावा लागतो, आणि मोठा फुगा आला तर लांब दांड्याच्या काट्याने फोडावा लागतो. गर्दीच्या वेळी एकाच भट्टीत पाचसहा पिझ्झे असतात, प्रत्येक वेगळ्या मिनिटाला घातलेला, आणि कुठला कधी फिरवायचा ते तो माणूस घड्याळाकडे न बघता सांभाळतो. उरलेल्या पिठाच्या पट्ट्यांच्या गाठी मारून त्यांना लसूण आणि तेल चोपडलं की झाले गार्लिक नॉट्स.

अशा दुकानात सुटा तुकडा, म्हणजे स्लाइस, घ्यावा. काउंटरवरचा तुकडा पुन्हा दोन मिनिटं भट्टीत जातो आणि ही दुसरी भाजणी त्याची पाठ कडक करते. अनेकदा घरी मागवलेल्या अख्ख्या पिझ्झापेक्षा तो तुकडा सरस लागतो. दुकान चांगलं की साधारण, हे ओळखायलाही साधा चीजचा तुकडाच कामाचा. भाज्यांच्या गर्दीत सॉस आणि पीठ दोन्ही लपून जातात.

प्रिन्स्टनच्या विदरस्पून स्ट्रीटवरचं कॉन्टेज हा वेगळाच प्रकार. ते १९३६ पासून आहे आणि मुळात बार आहे. साधी टेबलं, सजावट नाही, पातळ पोळीवर मोठेमोठे फुगे. असल्या जागा इथे मोजक्या, आणि त्याला कारण इथल्या कायद्यात आहे. न्यू जर्सीत दारू पाजण्याचा परवाना गावाच्या दर ३,००० लोकसंख्येमागे एकच मिळतो. त्यामुळे जुने परवाने प्रचंड किमतीला विकले जातात आणि छोट्या कौटुंबिक हॉटेलांना ते परवडत नाहीत. म्हणूनच या भागातली कितीतरी इटालियन हॉटेलं ‘बाटली तुमची तुम्ही आणा’ या तत्त्वावर चालतात. गिऱ्हाइकाचा खर्च त्याने बराच वाचतो. हॉटेलवाल्याला मात्र दारूवरचा नफा नसल्याने सगळं स्वयंपाकघरावरच कमवावं लागतं. म्हणून अशा ठिकाणी पानं भरभरून वाढली जात असली तरी स्वयंपाक मोजूनमापून केलेला असतो.

होपवेलमधलं नोमॅड पिझ्झा २००७ मध्ये एका जुन्या ट्रकवर लाकडाची भट्टी बसवून सुरू झालं. तिथली जात नेपल्सची. लाकडाच्या भट्टीत उष्णता साडेचारशे अंशांच्या आसपास जाते आणि पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो. कड फुगीर आणि ठिपकेदार, मध्य मऊ, ओलसर. अनेकांना तो कच्चा वाटतो. तो कच्चा नसतो, त्याची रीतच ती. इतक्या कमी वेळात पीठ वाळायला सवडच मिळत नाही. म्हणून नोमॅडचा पिझ्झा आणि डी लोरेन्झोजचा पाय यांत कुठला चांगला, हा प्रश्न मी विचारतच नाही. कुरकुरीत हवं त्या दिवशी रॉबिन्सव्हिल, मऊ हवं त्या दिवशी होपवेल.

बसून जेवायच्या इटालियन हॉटेलांबद्दल आपल्या शाकाहारी वाचकांना काही गोष्टी सांगायलाच हव्यात. अस्सल पार्मिजानो आणि पेकोरिनो रोमानो ही चीजं वासराच्या आणि कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, आणि हीच किसून पास्त्यावर पेरतात. सीझर सॅलडच्या रसात बहुधा अँकोव्ही मासा असतो. पास्ता-घेवड्याच्या सुपात डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा मांसाचा अर्क असू शकतो. लाल सॉससुद्धा काही घरांत मांस घालून तासन्‌तास शिजवतात, तर मारिनारा साधारणपणे बिनमांसाचा असतो. विचारायला संकोच करू नये. या भागातल्या वाढप्यांना असले प्रश्न सवयीचे झाले आहेत, बरेचजण आत जाऊन विचारून येतात. वांग्याचे पातळ काप तळून त्यात रिकोटा गुंडाळलेलं एगप्लांट रोलाटिनी मी अशा प्रत्येक ठिकाणी मागवून बघते. वांगं तेल किती पितं ते आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे आतलं स्वयंपाकघर कसं आहे ते त्या एका पदार्थात कळतं.

एडिसन आणि इझलिनकडचे पनीर टिक्का पिझ्झे मलाही आवडतात. जाड पोळी, गोडसर सॉस, वरून हिरवी मिरची आणि कोथिंबीर, सगळं एकमेकांना धरून असतं. इतका भार पेलायचा तर पोळी जाड हवीच. पण तो सगळा वरच्या मसाल्याचा पदार्थ झाला. पीठ, आच आणि टोमॅटो या तिघांवर उभा राहिलेला पदार्थ चाखायचा तर एकदा तरी काहीही न घातलेला साधा पाय मागवावा.

आणि तो तिथेच बसून खावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केलेला पाय वीस मिनिटांत स्वतःच्याच वाफेने ओला होतो, मग ज्यासाठी गेलो ती पाठ उरतच नाही. न्यायचाच असेल तर झाकण थोडं उघडं ठेवावं आणि खोका मांडीवर न घेता गाडीत सपाट ठेवावा. उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत. लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवावा, तेल घालू नये, तुकडा ठेवावा आणि झाकण न लावता चारपाच मिनिटं राहू द्यावा. पाठ पुन्हा कडक होते आणि टोमॅटोही आदल्या रात्रीपेक्षा जरा जास्तच मुरलेला लागतो.