अर्थिंगची तार किती जाड असावी?

भिवापूरची ख्याती मिरचीमुळे दूरवर पोहोचली आहे. याच भागात उन्हाळा लागला की घरोघरी पत्र्याचे कूलर सुरू होतात. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आल्यावर सावधगिरी हवीच. कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात.

तारेचे आवरण झिजून वीज पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत जाण्यास मानवी देहापेक्षा सोपी वाट मिळाली पाहिजे. अर्थिंगची तार ही ती वाट होय. ती बारीक असल्यास तापून तुटते आणि पत्र्यातील वीज तशीच राहते.

तारेची जाडी ठरविण्याचा नियम सोपा आहे. वीज आणणारी तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थिंगची तांब्याची तारही तेवढ्याच जाडीची घ्यावी. कूलरच्या प्लगला २.५ ची तार असल्यास अर्थिंगलाही २.५ ची तार हवी. ही तार नळीबाहेर उघडी न्यावयाची असल्यास ४ पेक्षा कमी नसावी. जमिनीत उघडी पुरलेली तार गंजते. म्हणून तेथे तांबे किमान २५ व लोखंड किमान ५० चौरस मिलिमीटरचे असावे. २५ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड जस्तलेपित पट्टी या कामी पुरेशी होते. अर्थिंगच्या तारेत स्विच किंवा फ्यूज कदापि बसवू नये.

खड्ड्यात सुमारे ४० मिलिमीटर व्यासाची, अडीच मीटर लांबीची जस्तलेपित नळी उभी पुरतात व भोवती कोळसा आणि मीठ भरतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व नळीचा मातीशी संपर्क सुटतो. कूलर चालतो तो नेमका याच दिवसांत. म्हणून खड्ड्यात नियमित पाणी घालावे.

तथापि केवळ जाड तारेवर विसंबू नये. मातीच्या वाटेचा रोध १० ओहम असल्यास २३० व्होल्टला २३ अँपिअरच प्रवाह वाहतो. त्याने ३२ अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही. यासाठी ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसवावा व त्याचे चाचणी बटण दरमहा दाबून पाहावे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी गावात ही माहिती द्यावी. शेतकरी बंधूंनी परवानाधारक तारतंत्र्याकडून जोडणी तपासून घ्यावी, आणि कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी स्विच बंद करून प्लग काढण्याची सवय घरातील लहानथोरांस लावावी.